आर्ट थेरपिस्ट व्हायचंय? मग या क्रमाने जा

“चित्रकला बरी येते, मानसशास्त्र आवडतं, मग आर्ट थेरपिस्ट होता येईल का?” बारावी झालेल्या मुलांपासून चाळिशीतल्या कलाशिक्षकांपर्यंत खूप जण हे विचारतात. होता येतं. पण फिजिओथेरपीला जशी ठरलेली पदवी आणि तिच्यासाठी ठरलेली प्रवेशप्रक्रिया असते, तसा सरळ रस्ता आपल्याकडे अजून नाही. तो स्वतः जुळवत न्यावा लागतो. जुळवताना शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र हातात पडलं की झालं, असं वाटण्याचा धोका असतो. समोर दुखावलेलं माणूस बसणार आहे. तुमचा हात किती सफाईदार आहे याने त्याला फार फरक पडत नाही. त्याचं चित्र होत असताना तुम्हाला त्याच्याजवळ शांत बसता येतं का, याने पडतो. पुढची सगळी वर्षं मुख्यतः हेच शिकण्यात जातात.

आधी काम समजून घ्या

आर्ट थेरपीत माणूस चित्र, माती, कोलाज अशा माध्यमांतून काहीतरी घडवतो. प्रशिक्षित थेरपिस्ट सोबत असतो. घडवण्याच्या त्या प्रक्रियेतून आणि त्यावर होणाऱ्या बोलण्यातून मानसिक त्रासावर काम होतं. सत्र साधारण तासाभराचं, बहुधा आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच खोलीत आणि त्याच वेळी. चित्र चांगलं यावं ही अपेक्षा नसते आणि ते कसं काढायचं हे कुणी शिकवत नाही.

या कामाला नाव मिळालं ते इंग्लंडमध्ये. एड्रियन हिल हा चित्रकार क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये उपचार घेत असताना स्वतः चित्रं काढायला लागला, मग शेजारच्या रुग्णांना त्यात ओढलं, आणि १९४२ मध्ये त्याने ‘आर्ट थेरपी’ हा शब्द वापरला. १९४६ पासून एडवर्ड ॲडमसनने नेदर्न या मनोरुग्णालयात स्टुडिओ चालवला. तिथे रुग्ण येत, हवं ते रंगवत, आणि ॲडमसन त्यांच्या चित्रांचे अर्थ लावायला जात नसे. अमेरिकेत दोन बायकांनी या क्षेत्राचा पाया घातला, आणि दोघींचं एकमत नव्हतं. मार्गारेट नॉमबर्गला चित्र म्हणजे मनाच्या तळातून आलेलं बोलणं वाटे, त्यामुळे चित्रानंतरचा संवाद तिला महत्त्वाचा. एडिथ क्रेमरच्या मते घडवण्याच्या क्रियेतच बरं करणारी ताकद आहे. क्रेमरची शिक्षिका फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. नाझींच्या टेरेझिन छळछावणीत कैद असताना ती तिथल्या मुलांना चित्रं काढायला शिकवत राहिली. १९४४ मध्ये तिला आउशवित्झमध्ये मारण्यात आलं. मुलांची हजारो चित्रं मात्र उरली आणि आज ती प्रागमध्ये जपून ठेवलेली आहेत. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तिच्याबद्दल वाचावं असं मला मनापासून वाटतं.

हा इतिहास सांगायचं व्यावहारिक कारणही आहे. नॉमबर्ग आणि क्रेमर यांच्यातला फरक आजही अभ्यासक्रमांत दिसतो. काही ठिकाणी मनोविश्लेषण आणि बोलण्यावर भर असतो, काही ठिकाणी स्टुडिओवर. प्रवेश घेण्याआधी ही चौकशी करा.

शेजारच्या तीन गोष्टींशी गल्लत होते. कलावर्गात कौशल्य शिकवतात. वृद्धाश्रमात किंवा वॉर्डात मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, रंगवून घेणं हा चांगला विरंगुळा आहे, पण तो विरंगुळाच. तिसरी गोष्ट म्हणजे चित्रचाचण्या. फ्लॉरेन्स गुडइनफने १९२६ मध्ये ‘माणूस काढ’ ही चाचणी मांडली, आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी ती भारतीय मुलांसाठी तयार केली. ती मुलाच्या विकासाचा अंदाज घेण्यासाठी आहे आणि ती वापरण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. ही तिन्ही कामं आपापल्या जागी मोलाची आहेत. तुम्हाला यातलंच एखादं करायचं असेल, तर पुढची चार-पाच वर्षं वेगळ्या दिशेने लावा.

आपल्याकडे काय कमी आहे ते मोजा

बहुतेक जण एका बाजूने येतात. मानसशास्त्राची पदवी आहे पण दहावीनंतर ब्रश हातात धरला नाही, किंवा एटीडी (कलाशिक्षक पदविका), बीएफए (कलेची पदवी) झालंय पण नैराश्य आणि दुःख यांतला फरक कुणी शिकवलेला नाही. दोन्ही बाजू लागतात. अमेरिकेतल्या मास्टर्स अभ्यासक्रमांच्या प्रवेश-अटींमधून हे प्रमाण लक्षात येतं: तिथे साधारणपणे प्रत्यक्ष स्टुडिओ-कामाचे १८ आणि मानसशास्त्राचे १२ क्रेडिट मागतात.

मानसशास्त्राकडून येणाऱ्यांनी वर्षभर तरी नियमित चित्रं काढावीत. इंटरमिजिएटची ग्रेड नसली तरी अडत नाही. पण जलरंग कागदावर पसरून हाताबाहेर जातो तेव्हा पोटात काय होतं, माती सुकताना तडकते तेव्हा किती चिडायला होतं, हे स्वतःच्या अंगाने कळलेलं असलं पाहिजे. जमल्यास एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओत जाऊन काम करा. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून हे होत नाही.

कलेकडून येणाऱ्यांचा रस्ता लांब आहे आणि तो टाळू नये. विकासाचं मानसशास्त्र, मानसिक आजारांची ओळख, समुपदेशनाची कौशल्यं, आघाताचा मनावर आणि शरीरावर होणारा परिणाम, हे रीतसर शिकायला लागतं. पूर्वी अनेक नोकरदार मंडळी घरबसल्या मानसशास्त्रात एमए करत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. त्यामुळे आता महाविद्यालयात जाऊनच शिकायचं, असं धरून नियोजन करा. एमए करताना समुपदेशन किंवा क्लिनिकल विषय निवडा. औद्योगिक मानसशास्त्राचा इथे फार उपयोग नाही.

भारतात कायदा काय म्हणतो

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय करते. आर्ट थेरपिस्टसाठी तशी चालू नोंदवही आपल्याकडे नव्हती. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत मात्र कला आणि नृत्याच्या थेरपिस्टचा उल्लेख ‘मूव्हमेंट थेरपिस्ट’ या गटात आला आहे. हे महत्त्वाचं पाऊल आहे. आज प्रवेश घेताना या आयोगाच्या घोषणांवर लक्ष ठेवा, कारण उद्याची पात्रता तिथे ठरणार आहे.

तोपर्यंत माझा सल्ला स्पष्ट आहे: पाया मान्यताप्राप्त पदवीचा ठेवा आणि त्यावर आर्ट थेरपीचं शिक्षण चढवा. एमए समुपदेशन मानसशास्त्र, एमएसडब्ल्यू, विशेष शिक्षणाचं बीएड किंवा ऑक्युपेशनल थेरपी, यातलं काहीही पायाला चालतं. रुग्णालय किंवा शाळा नेमणूक करताना आधी ही पदवी बघते. नुसत्या डिप्लोमावर दार उघडणं अवघड जातं.

डिप्लोमा निवडताना पत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. फोन करा आणि विचारा: प्रत्यक्ष माणसांसोबत किती तास काम करायला मिळेल? त्यावर सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीची देखरेख आणि मार्गदर्शन, कोण देणार, आणि त्या व्यक्तीचं स्वतःचं आर्ट थेरपीचं शिक्षण कुठे झालं आहे? विद्यार्थ्याला स्वतः थेरपी घेणं बंधनकारक आहे का? वर्गात किती विद्यार्थी असतील? प्रमाणपत्र विद्यापीठाचं की संस्थेचं? समोरचा माणूस तासांच्या प्रश्नावर अडखळला तर पुढे विचारायची गरज नाही. आणि ‘दोन महिन्यांत सर्टिफाइड थेरपिस्ट’ असं लिहिलेलं दिसलं की पैसे वाचवा. चार दिवसांची कार्यशाळा चव घ्यायला उत्तम असते, पण तिच्या जोरावर कुणाच्या आघाताला हात घालू नये.

परदेशी शिकायचं असेल तर

ब्रिटनमध्ये चित्र सर्वांत स्पष्ट आहे. ‘आर्ट थेरपिस्ट’ आणि ‘आर्ट सायकोथेरपिस्ट’ ही नावं तिथे कायद्याने राखलेली आहेत. एचसीपीसी या नियामकाकडे नोंदणी नसताना ती लावणं गुन्हा ठरतो. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त मास्टर्स लागते. ते पूर्णवेळ दोन वर्षांचं किंवा अर्धवेळ साधारण तीन वर्षांचं असतं, आणि त्या काळात विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घ्यावी लागते. लंडनमधल्या गोल्डस्मिथ्सचा अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला आहे.

अमेरिकेत मास्टर्समध्ये किमान १०० तासांचं प्रॅक्टिकम (सुरुवातीचा प्रत्यक्ष सराव) आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते. त्यानंतर आर्ट थेरपी क्रेडेन्शियल्स बोर्डाकडून एटीआर ही नोंदणी मिळवायला पदवीनंतरचे आणखी देखरेखीखालचे तास लागतात. पुढे परीक्षा देऊन बोर्ड सर्टिफिकेशन. परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून आधी राहायचं कुठे ते ठरवा आणि मग कॉलेज शोधा. आशियात सिंगापूरच्या लासाल कॉलेजचं मास्टर्स आहे. तिथले रुग्ण आणि त्यांची कुटुंबं आपल्या वातावरणाला जवळची आहेत, हा मोठा फायदा मला वाटतो.

अर्जासोबत चित्रांचा पोर्टफोलिओ आणि माणसांसोबत काम केल्याचा अनुभव बहुतेक ठिकाणी लागतो. पोर्टफोलिओत स्पर्धेतली बक्षीसपात्र चित्रं भरण्यापेक्षा दोन-तीन वर्षांत तुमचं काम कसं बदललं ते दिसू द्या. परदेशातली पदवी घेऊन परत येणार असाल तर इथल्या माणसांबरोबर मराठीत काम करण्याचा सराव वेगळा करावा लागेल, हे लक्षात असू द्या. सगळी पुस्तकं आणि सराव इंग्रजीत झालेला असतो, आणि साताऱ्याहून आलेल्या आजींसमोर पहिलं वाक्यच सुचत नाही.

माध्यमं शिका

यावर नवखे लोक सर्वांत कमी वेळ देतात. कुणापुढे काय ठेवायचं, हा थेरपिस्टचा अगदी रोजचा निर्णय आहे, आणि तो चुकला तर माणूस उसवतो.

साधा नियम असा की काही माध्यमं वाहती असतात आणि काही धरून ठेवणारी. बोटांनी लावायचे रंग, पाणी जास्त घेतलेले जलरंग, ओली माती ही वाहती बाजू. ती भावना लवकर मोकळी करतात. पेन्सिल, स्केचपेन, मासिकांतले तुकडे कापून केलेला कोलाज ही दुसरी बाजू. त्यांत ताबा आपल्या हातात राहतो. तेलखडू मधे कुठेतरी. आधीच भावनांनी भरून वाहणाऱ्या माणसापुढे पहिल्याच दिवशी मोठा कागद आणि पातळ रंग ठेवले तर त्याला बुडाल्यासारखं होऊ शकतं. त्याला लहान कागद आणि पेन्सिल द्या. उलट प्रत्येक गोष्ट पट्टीने आखणाऱ्या, डोक्यातच राहणाऱ्या माणसाला हळूहळू मातीकडे नेता येतं. केगिन आणि लुसब्रिंक या दोघींनी १९७८ मध्ये हाच विचार ‘एक्सप्रेसिव्ह थेरपीज कंटिन्युअम’ या आराखड्यात मांडला: हालचाल आणि स्पर्शापासून, आकार आणि भावनांतून, विचार आणि प्रतीकांपर्यंत. तो नीट अभ्यासा. रोजच्या कामात तो सतत लागतो.

‘मला चित्र काढता येत नाही’ हे वाक्य मोठ्या माणसांकडून रोज ऐकाल. त्यांच्यासाठी कोलाज हा सोपा दरवाजा आहे. जुनी दिवाळी अंकांची पानं, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका गोळा करून ठेवा. ग्रामीण भागातल्या बायकांच्या गटात गोधडीच्या चिंध्या आणि सुई-दोरा कागदापेक्षा जास्त कामाला येतात, कारण हात ते काम ओळखतात.

शाडू आपल्याकडे सहज मिळते आणि मुलांना ती गणपतीमुळे ओळखीची असते. समजा एक मुलगा गणपती करतोय आणि सोंड पुन्हापुन्हा गळून पडतेय. तुम्ही सोंड करून दिलीत तर गणपती तुमचा झाला. नुसतं बघत राहिलात तर तो वैतागून सगळं चेचेल. एक बारीक काडी पुढे करून “आतून ही घालून बघायची का?” एवढं विचारलंत, तर गणपती त्याचाच राहतो आणि उभाही राहतो. क्रेमर अशा मदतीला थेरपिस्टचा ‘तिसरा हात’ म्हणायची. हा हात सावकाश तयार होतो.

सुरक्षितता विसरू नका. मनोरुग्णालयात कात्री, कटर आणि शार्पनर सत्राआधी मोजायचे, सत्रानंतर पुन्हा मोजायचे. टर्पेंटाइन बंद खोलीत नको. लहान मुलांना बिनविषारी रंगच.

चित्राबद्दल बोलायला शिका, आणि न बोलायलाही

चित्र पूर्ण झालं की आपल्या तोंडून पहिला शब्द ‘छान!’ येतो. तो थांबवायला शिका. छान म्हटलं की मूल पुढच्या वेळी तुम्हाला आवडेल असं चित्र काढतं, आणि ज्या दिवशी त्याला घाण, भीतीदायक काही काढायचं असतं त्या दिवशी ते काढत नाही. ‘हे काय आहे? घोडा का?’ हाही प्रश्न नको, तो कुत्रा असतो. “याबद्दल मला सांगशील?”, “हा इथे कोपऱ्यात आहे, त्याला तिथे कसं वाटतंय?”, “कुठून सुरुवात केलीस?” अशा प्रश्नांनी दार उघडतं. आणि पुष्कळदा काहीच विचारायचं नसतं. दोघांनी चित्राकडे नुसतं बघत बसायचं.

अर्थ लावण्याचा मोह त्याहून वाईट. समाजमाध्यमांवर ‘काळा रंग म्हणजे नैराश्य, झाडाला पोकळी म्हणजे आघात’ अशा याद्या फिरतात. आषाढीच्या दिवसांत एखादी मुलगी सगळा कागद काळ्या खडूने भरते, आणि विचारलं तर सांगते, “विठोबा आहे.” दुसऱ्याच्या डब्यात काळाच खडू उरलेला असतो. तिसऱ्याचा काळा रंग खरोखर अंधार असतो. चित्र बघून हे कळत नाही. ते काढणाऱ्याकडून आणि पुढच्या कित्येक सत्रांतून कळतं. पालक दारात थांबवून “ताई, या चित्रावरून काय कळलं?” असं विचारतील. “चित्रावरून मी निदान करत नाही, तो काय सांगतोय ते आम्ही सावकाश बघतोय,” हे उत्तर न चाचरता देता आलं पाहिजे. त्याचा मोठ्याने सराव करा.

स्वतःची थेरपी, स्वतःची वही

क्लायंट म्हणून खुर्चीत बसल्याशिवाय हे काम करू नये. शक्य असेल तर आर्ट थेरपिस्टकडे जा, नसेल तर चांगल्या समुपदेशकाकडे. खर्च होतो, पण पुढे दुसऱ्याच्या चित्रात आपलंच दुःख दिसायला लागतं तेव्हा त्याचं मोल कळतं. सोबत एक जाड कोरी वही ठेवा. प्रत्येक सत्रानंतर आपल्या मनात जे उरलं ते पाच मिनिटांत रेषांत किंवा रंगांत उतरवायचं. ती वही सुपरव्हिजनला न्यायची.

सराव कुठे आणि कोणत्या नियमांनी

सुरुवातीला विशेष मुलांच्या शाळा, वृद्धाश्रम, कर्करोग रुग्णालयांजवळची मुलांची वसतिस्थानं, व्यसनमुक्ती केंद्रं इथे स्वयंसेवक म्हणून जा. पुण्यात मुक्तांगण, ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) यांसारख्या संस्थांनी मानसिक आरोग्याचं काम मराठीत रुजवलं आहे. तिथले कार्यक्रम आणि प्रशिक्षणं बघत राहा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे शासकीय मनोरुग्णालय. तिथे शिकाऊ म्हणून जायचं तर महाविद्यालयाच्या पत्रानेच अर्ज करा. एकट्याने गेलात तर नकार येतो, आणि तो योग्य आहे.

स्वयंसेवक असताना स्वतःला थेरपिस्ट म्हणवून घेऊ नका. ‘कलेचा तास घेते’ एवढं पुरे.

कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून पक्क्या हव्यात. एक, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. चित्रालाही हाच नियम लावा. मुलाचं चित्र व्हॉट्सॲप स्टेटसला टाकणं, नाव झाकलं तरी, मला अजिबात मान्य नाही. दोन, २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता दिसली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून मुलाला ‘तुझं गुपित कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. “तुला धोका असेल तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल,” हे पहिल्याच भेटीत सांगा. तीन, कुणी जीव देण्याबद्दल बोललं किंवा तसं चित्र काढून तसं सांगितलं, तर त्याच दिवशी संस्थेतल्या मानसोपचारतज्ज्ञाला कळवायचं. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक खोलीत लावून ठेवा.

सुपरव्हिजन शिक्षणापुरतं नसतं. पदवीनंतरही महिन्यातून एक-दोनदा आपल्याहून अनुभवी व्यक्तीपुढे आपलं काम मांडायचं. आर्ट थेरपीचा सुपरव्हायझर गावात नसेल तर ऑनलाइन शोधा. तोपर्यंत अनुभवी समुपदेशकाकडे जा, पण एकट्याने काम करू नका.

पोटापाण्याचं

पूर्णवेळ ‘आर्ट थेरपिस्ट’ अशी जागा आपल्याकडे फार कमी निघते. बहुतेक जण शाळेत समुपदेशक किंवा विशेष शिक्षक म्हणून नोकरी करतात, आणि उरलेल्या वेळात स्वतःची सत्रं किंवा संस्थांमध्ये गट घेतात. पहिली दोन-तीन वर्षं फक्त या कामावर घर चालेल असं धरू नका.

शाळेशी किंवा संस्थेशी बोलताना सगळं लेखी ठरवा. गटात आठांपेक्षा जास्त मुलं नकोत. खोली बंद होणारी हवी, मधेच शिपाईमामा किंवा बाई आत येणार नाहीत. पाण्याची सोय हवी. साहित्याचा खर्च कोण करणार? चित्रं कुठे कुलपात राहतील, आणि सत्रं संपल्यावर ती मुलाला परत मिळतील हे लिहून घ्या. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ही चित्रं लावायची मागणी हमखास येते. तेव्हा दाखवायला ते कलम कागदावर असावं.